पावसाळ्यात न होणारी रिअ‍ॅक्शन आणि कंसातलं एक वाक्य

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका 27 वर्षांची आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या डाळिंबाच्या पट्ट्यातलं गाव, दहावीपर्यंत गावची मराठी शाळा आणि आता पुण्यात सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडीचं चौथं वर्ष. ठरलेल्या रेणूपर्यंत पोचायला अकरा पायऱ्या आहेत आणि ती दीड वर्ष सहाव्या पायरीवर अडकली आहे. मार्चमध्ये सत्तर टक्के यील्ड (हिशेबाने मिळायला हवा त्यापैकी प्रत्यक्ष हाती आलेला पदार्थ) देणारी रिअ‍ॅक्शन जुलैत पंचवीसवर येते. बरोबरीच्या दोघांचे पेपर छापून आले. ती घरी गेली की वडील विचारतात, “मग काय शोध लावलास?” तिला उत्तर सुचत नाही. आत्या स्थळ घेऊन येते. दुसरीकडे, रात्री झाकून ठेवलेल्या फ्लास्कमध्ये सकाळी पांढऱ्या सुया उगवलेल्या दिसल्या की तिचा अख्खा दिवस आनंदात जातो, आणि याच आनंदाची तिला आता शंका येऊ लागली आहे. एका औषध कंपनीकडून नोकरीचं बोलावणं आलं आहे. तीन आठवड्यांत कळवायचं आहे. ती विचारते, “छोट्या छोट्या गोष्टींत रमून मी स्वतःला फसवते आहे का? सोडून देऊ का?”

प्रिय मुली,

तुझं पत्र चार पानी आहे आणि त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तू कंसात टाकलं आहेस. तिसऱ्या पानाच्या तळाशी तू लिहितेस, “(पावसाळ्यात झिंक क्लोराइड मोजताना ते बटर पेपरवरच ओलसर होतं, मला वाटतं यील्ड त्यामुळेच पडतं, पण ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही.)” कंस बंद, आणि लगेच पुढच्या ओळीत आत्याने आणलेलं स्थळ.

मी आधी त्या कंसाबद्दल बोलणार आहे. नोकरी, फेलोशिप, घर या सगळ्याकडे मी येते, पण कंसातल्या त्या गोष्टीचं काय करायचं हे ठरल्याशिवाय बाकीचं नीट ठरणार नाही असं मला वाटतं.

जे वाचक रसायनशास्त्रातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. या मुलीच्या सहाव्या पायरीत ग्रिगनार्ड अभिकारक, म्हणजे मॅग्नेशियमचं एक संयुग, बनवावा लागतो, आणि ग्रिगनार्डचं पाण्याशी हाडवैर. पाण्याचा एक रेणू भेटला की ग्रिगनार्डचा एक रेणू कामातून गेला. म्हणून काचेची भांडी ओव्हनमध्ये तापवून घ्यायची, वर नायट्रोजनचा फुगा लावायचा, टीएचएफ हा द्रावक सोडियम आणि बेंझोफिनोन घालून उकळून कोरडा करायचा आणि त्यात गडद निळा रंग आला की कोरडेपणाची खात्री धरायची. हे सगळं ती करते. पण त्याच फ्लास्कमध्ये झिंक क्लोराइडही घालायचं असतं, आणि ही पांढरी पावडर हवेतली ओल मिठाच्या कितीतरी पट हावरेपणाने ओढते. ती मात्र साध्या बॅलन्सवर, उघड्या हवेत मोजली जाते. मार्चच्या दुपारी पुण्याची हवा ठणठणीत कोरडी असते, जुलैत भिंतींनाही घाम फुटतो.

आता, मुली, हा हिशेब तू केला आहेस का? पत्रात दिसला नाही म्हणून मी केला. झिंक क्लोराइडचा मोल (रेणूंची ठरावीक, सगळ्या पदार्थांना सारखीच संख्या) 136 ग्रॅमचा, पाण्याचा फक्त 18 ग्रॅमचा. समजा 136 मिलिग्रॅम पावडरीने वजनाच्या दहा टक्के, म्हणजे 13.6 मिलिग्रॅम पाणी ओढलं. वजनात एवढंसं. पण 13.6 भागिले 18 म्हणजे सुमारे 0.75 मिलिमोल. एका मिलिमोलच्या तुझ्या रिअ‍ॅक्शनमध्ये पाऊण मिलिमोल ग्रिगनार्ड सुरू होण्याआधीच संपला. पाण्याचा रेणू हलका असतो, म्हणून बॅलन्सला जे नगण्य वाटतं ते फ्लास्कमध्ये नगण्य नसतं. तुझा यील्ड सत्तरावरून पंचवीसवर का येतो याचं हे अगदी पटण्यासारखं उत्तर आहे.

पटण्यासारखं आहे, सिद्ध झालेलं नाही, आणि तू नेमकी इथेच थांबली आहेस. तुला वाटतं की हा शोध फार लहान आहे म्हणून सांगण्यासारखा नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. तो सांगण्यासारखा नाही, कारण तू तो अजून तपासलेला नाहीस. लहान-मोठं हा प्रश्न नंतरचा. “मला वाटतं” आणि “मला सापडलं” यांच्या मधलं अंतर चालून जायला तुला आठ-दहा दिवस लागतील, आणि ते अंतर तू दीड वर्ष टाळलं आहेस. हे मी रागावून म्हणत नाही. मनातून जे क्षुल्लक ठरवून टाकलेलं असतं, त्याच्यावर आठवडा घालवायची हिंमत होत नाही, एवढंच.

स्वतःलाच उलटतपासणीचे प्रश्न विचार. जुलैत पाऊस येतो, तसा बहुतेक लॅबमध्ये नव्या खरेदीचा मालही येतो. तुझी झिंक क्लोराइडची बाटली कधी बदलली? मॅग्नेशियमचा डबा? जुलैतच नवे ज्युनियर येतात, हूड (वाफा ओढून घेणारं काचेचं कपाट, ज्यात प्रयोग लावतात) वाटून घ्यावा लागतो, तू घाईत असतेस. लाइट जाते आणि फ्लास्क ढवळणारा स्टररही बंद पडतो. यातलं काहीही यील्ड पाडू शकतं. पाऊस हा एकच संशयित नाही.

म्हणून एकाच दिवशी, एकाच बाटलीतून, एकाच टीएचएफने तीन फ्लास्क लाव. पहिल्यात झिंक क्लोराइड नेहमीसारखं, उघड्यावर मोजून. दुसऱ्यात तेच मोजून फ्लास्कमध्ये घाल, व्हॅक्यूमवर ठेवून हीट गनने वितळेपर्यंत तापव, नायट्रोजनखाली थंड होऊ दे आणि मग पुढे जा. तिसऱ्यातही असंच वाळव, पण नंतर मायक्रोसिरिंजने साडेतेरा मायक्रोलीटर पाणी मुद्दाम घाल. भर पावसात दुसरा फ्लास्क सत्तरच्या आसपास गेला आणि पहिला-तिसरा दोन्ही पडले, तर संशय राहत नाही. असं तीनदा कर. आणि शेजारी घड्याळासारखं एक आर्द्रतामापक ठेव, काही शे रुपयांत मिळतं, प्रत्येक रिअ‍ॅक्शनच्या नोंदीपुढे तो आकडा लिही.

एक गोष्ट घाईची आहे. हा प्रयोग ऋतूला बांधलेला आहे. ओली हवा तुला फुकट मिळते आहे ती फार तर सप्टेंबरअखेरपर्यंत. दिवाळीनंतर पहिल्या फ्लास्कला अर्थ उरणार नाही. कंपनीला उत्तर द्यायच्या तीन आठवड्यांत हे बसतं, आणि मला ते बसवायचंच आहे, का ते पुढे सांगते.

आता तुझ्या सरांबद्दल. “पावसाची कारणं देऊ नकोस,” हे त्यांचं वाक्य तुला फार लागलं आहे. त्या वाक्याच्या दुसऱ्या बाजूला मी काही वर्षं बसले आहे. पावसाळ्यात लॅबमध्ये जे जे बिघडतं त्याचं कारण पाऊस असं सांगणारी मुलं दर वर्षी येतात, आणि त्यातली फार थोडी कागद घेऊन येतात. तू कागद घेऊन जा. एकच कागद. आडव्या अक्षावर आर्द्रता, उभ्यावर यील्ड, जुन्या वह्यांतून काढलेल्या तारखा आणि बिंदू. खाली तीन फ्लास्कची योजना. त्यांच्याकडे सहानुभूती मागू नकोस, चार दिवस हूड माग. तू लिहितेस की ग्रुप मीटिंगमध्ये इंग्रजीत बोलताना जीभ जड होते. मग हा कागद आधी मराठीत लिही, सगळा विचार मराठीत पुरा कर, आणि नंतर इंग्रजीत उतरव. विचार अर्धवट असला की भाषा दगा देते. आलेख तर कुठल्याच भाषेत अडखळत नाही.

(गाइड अपमान करत असतील, सही अडवून धरत असतील, खासगी कामं सांगत असतील, तर ती गोष्ट पूर्ण वेगळी. तशी पत्रंही या सदराकडे येतात. तिथे आलेखाचा उपयोग नाही. दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते, तिथे आपल्या अडचणी कामकाजाच्या नोंदीत येतील असं पाहावं आणि संस्थेच्या तक्रार समितीकडे लेखी जावं. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर 14416 या टेली मानसच्या क्रमांकावर कधीही, मराठीतही बोलता येतं. या मुलीच्या पत्रात तसं काही नाही, पण वाचणाऱ्यांत कुणी असेल म्हणून लिहिलं.)

तुझा मूळ प्रश्न. बारीकसारीक गोष्टींत रमणं म्हणजे स्वतःला फसवणं का?

तू रोज ज्याचं नाव घेतेस त्या ग्रिगनार्डपासून सुरुवात करू. व्हिक्टर ग्रिगनार्ड फ्रान्समध्ये लिआँ इथे बार्बिए यांच्याकडे विद्यार्थी होता. बार्बिए यांनी मॅग्नेशियम वापरून एक रिअ‍ॅक्शन केली होती, पण ती कधी चाले, कधी चालत नसे. ही बेभरवशाची रिअ‍ॅक्शन नीट लावून दे, असं काम विद्यार्थ्याकडे आलं. त्याने आधी कोरड्या इथरमध्ये मॅग्नेशियमचं संयुग वेगळं बनवून घेतलं आणि मग ते पुढच्या पदार्थाशी जोडलं. 1900 साली त्याने हे प्रसिद्ध केलं, पुढच्या वर्षी त्याचा प्रबंध झाला आणि 1912 साली त्याला नोबेल मिळालं. तुझ्या फ्लास्कमधला अभिकारक मुळात कुणाच्या तरी “कधी चालते, कधी चालत नाही” या कटकटीतून आलेला आहे.

दुसरी गोष्ट 1953 सालची, जर्मनीतल्या म्युल्हाइमची. कार्ल त्सीग्लर यांच्या प्रयोगशाळेत होल्त्सकांप नावाचा विद्यार्थी अ‍ॅल्युमिनियमचं एक संयुग आणि इथिलीन वायू दाबाखाली तापवत होता. इथिलीनचे तुकडे एकापुढे एक जोडले जाऊन लांब साखळ्या व्हायला हव्या होत्या. त्याला मिळालं ब्युटीन, म्हणजे दोनच तुकडे जोडले जाऊन काम थांबलेलं. प्रयोग फसला म्हणून पुन्हा लावून पुढे जाता आलं असतं. त्यांनी कारण शोधलं. पोलादी भांड्यात निकेलचा अंश राहिला होता आणि तो साखळी तोडत होता. मग त्यांनी उलटा प्रश्न विचारला: निकेल हे करतं, तर बाकीचे धातू काय करतात? एकेक धातू घेऊन बघता बघता त्याच वर्षी ते टायटॅनियमपाशी पोचले, आणि ज्या पॉलिइथिलीनसाठी आधी प्रचंड दाब लागायचा ते साध्या दाबाला बनू लागलं. आपल्या घरातली पाण्याची बादली, डेअरीचा कॅन, हे सगळं त्या घराण्यातलं. त्सीग्लरना 1963 चं नोबेल नात्ता यांच्याबरोबर मिळालं.

या गोष्टी मी तुला आशा दाखवायला सांगत नाही. ओल्या झिंक क्लोराइडमधून नोबेल निघणार नाही. ते ओल ओढतं हे तर बाटलीवरच्या चिठ्ठीवरही छापलेलं असतं. तुझी नोंद बहुधा तुझ्या पेपरच्या प्रायोगिक भागात एक ओळ होऊन राहील: झिंक क्लोराइड वापरण्यापूर्वी व्हॅक्यूममध्ये वितळवून घ्यावे, अन्यथा यील्ड इतका पडतो. सांगायचं ते एवढंच की त्या दोन विद्यार्थ्यांनी त्या आठवड्यात जे केलं ते तुझ्या कामाच्या जातीचंच होतं. पुढे कोणाचं काय झालं हे नंतर ठरलं. त्या आठवड्यात त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

आणि त्या एका ओळीची किंमत मला फार वाटते. ‘ऑर्गॅनिक सिंथेसिस’ हे प्रकाशन 1921 पासून चालू आहे. त्यात छापायची प्रत्येक कृती आधी दुसऱ्या प्रयोगशाळेत करून पाहिली जाते, आणि कृतीखाली टिपा असतात: हे संयुग या रंगाचं दिसलं पाहिजे, इथे घाई केली तर उत्पादन घटतं, हा पदार्थ आधी असा वाळवावा. मी विद्यार्थी असताना मूळ कृतीपेक्षा त्या टिपाच आधी वाचत असे. कुणीतरी परक्या देशात, आपल्यासारखंच रात्री उशिरा उभं राहून, ठेच लागून शिकलेलं ते ज्ञान असायचं. तुझी कंसातली ओळ तिथली आहे.

अशी एक ओळ माझ्याकडून हरवली, ती सांगते. ऐंशीच्या दशकात मी पीएचडी करत होते तेव्हा माझा एक पदार्थ काही केल्या स्फटिकरूपात येईना, मधासारखा चिकट राहायचा. एका जुन्या, आतून चरे पडलेल्या फ्लास्कमध्ये मात्र तो दर वेळी सुंदर यायचा. मला ते माहीत होतं. हाताला माहीत होतं असं म्हणू, कारण वहीत मी ते कधी लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काय आहे त्यात, असंच मलाही वाटलं. एक दिवस तो फ्लास्क फुटला. पुढचे दोन महिने माझा पदार्थ स्फटिक व्हायला तयार नव्हता आणि मी द्रावकांना दोष देत राहिले. स्फटिकाला सुरुवात करायला खरखरीत जागा लागते, काचेच्या कांडीने भांड्याची आतली बाजू घासली तरी पुरतं, हे मी पुस्तकात शिकलेली होते. पण माझ्या फ्लास्कशी ते जोडून पाहिलं नव्हतं. मग नव्या फ्लास्कला आतून कांडीने घासलं आणि संध्याकाळी सुया आल्या. त्या दिवशी मला आनंद झालाच नाही, वाईट वाटलं. दोन महिने गेले होते आणि माझ्या मागून त्या विषयावर काम करणाऱ्याला उपयोगी पडेल असं माझ्या वहीत काहीच नव्हतं.

म्हणून आनंदाबद्दल माझं मत असं आहे. सकाळच्या सुया बघून तुला होणारा आनंद खरा आहे, त्याची शंका घेऊ नकोस. पण तो आनंद तुला राहा असंही सांगत नाही आणि जा असंही सांगत नाही. सुया कंपनीच्या फ्लास्कमध्येही उगवतात. तुझा निर्णय त्या आनंदावर टाकू नकोस, त्याला ते ओझं पेलणार नाही. त्याऐवजी पुढचे तीन आठवडे रोज लॅबमधून निघताना वहीच्या मागच्या पानावर एक ओळ लिही: आज सकाळी मला जे माहीत नव्हतं आणि आता माहीत आहे असं काय? “एनएमआरचा (रेणूची रचना तपासणाऱ्या यंत्राचा) स्लॉट जेवणाच्या वेळी रिकामा मिळतो,” हेही चालेल. एखाद्या दिवशी “काहीच नाही” असं लिहावं लागेल, तेही लिही. तीन आठवड्यांनी पान वाच. निम्म्याहून जास्त ओळी ‘का’ या प्रश्नाच्या मागे गेलेल्या असतील तर तुला संशोधन हवं आहे. ओळी बहुतेक ‘कसं करायचं’ याच्या असतील, अधिक स्वच्छ, अधिक वेगाने, अधिक भरवशाने, तर तुझा पिंड कंपनीतल्या प्रोसेसवाल्यांचा आहे, आणि त्या लोकांबद्दल मला अपार आदर आहे.

इथे तुझ्या पत्रातलं एक गृहीत मला मोडायचं आहे. तू नोकरीबद्दल लिहिताना “हार मानून” असा शब्द वापरला आहेस. प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये माणसं दिवसभर काय करतात माहीत आहे का? शंभर मिलिग्रॅमला चालणारी रिअ‍ॅक्शन शंभर किलोला का चालत नाही, हे शोधतात. कच्च्या मालातलं पाणी कार्ल फिशर टायट्रेशनने मोजतात, कारण पावसाळ्यात उघडलेल्या एका ड्रमने अख्खा लॉट वाया जाऊ शकतो. तू दीड वर्ष ज्या गोष्टीशी झगडते आहेस, ती तिथे रोजची भाकरी आहे. तेव्हा जायचं असेल तर ताठ मानेने जा. आणि राहायचं असेल तर “सोडलं तर लोक काय म्हणतील” या भीतीने राहू नकोस.

आता कोरडा हिशेब. तुझी सरकारी फेलोशिप पाच वर्षांची: पहिली दोन वर्षं जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप), दरमहा 37,000 रुपये, पुढची एसआरएफ (वरिष्ठ), 42,000, अधिक घरभाडं, हे 2023 पासूनचे दर. तू लिहितेस की सोळा महिने उरलेत आणि फेलोशिपमधले दहा-बारा हजार दर महिन्याला घरी जातात. युजीसीच्या 2022 च्या नियमांत पीएचडीची मुदत सहा वर्षं आहे, पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन, आणि स्त्रियांना त्याहून दोन वर्षांची सवलत. म्हणजे पदवीची मुदत तुझ्या पैशांपेक्षा लांब आहे, आणि खरा धोका तिथेच आहे. फेलोशिप संपल्यानंतरचं वर्ष, जेव्हा घरून मागायची लाज वाटते आणि प्रबंध अर्धा असतो, त्या वर्षात मी मुलं खचताना पाहिली आहेत. याच नियमांनी प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती काढली, पण तुझी नोंदणी कधीची आणि तुझ्या संस्थेचे स्वतःचे नियम काय, हे पीएचडी विभागात जाऊन लेखी विचारून घे. सिनियरने सांगितलं त्यावर विसंबू नकोस. अकराव्या पायरीपर्यंत पोचायलाच हवं का, की आठव्या पायरीचा रेणू आणि त्याआधीच्या रीतीचा नीट अभ्यास एवढ्यावर प्रबंध उभा राहतो, हे सरांना थेट विचार. हा प्रश्न विचारायला विद्यार्थी घाबरतात. गाइड बहुतेक वेळा त्याची वाटच पाहत असतात.

माझा कल विचारलास तर सांगते. दुसरा फ्लास्क सत्तरवर गेला, तर सहावी पायरी सुटली. मग सोळा महिने पुरेसे आहेत आणि मी तुझ्या जागी राहीन. नाही गेला, सरांनी आठव्या पायरीला नकार दिला आणि नियम तुझ्या विरुद्ध असले, तर कंपनीला हो म्हण. जाताना वह्या इतक्या नीट लावून दे की पुढच्या मुलीला पहिल्या पावसाळ्यातच कळेल. मधला रस्ताही आहे: कंपनीला पत्र लिहून रुजू व्हायला तीन महिने माग. फार तर नाही म्हणतील. मागायचं धाडस न केल्याने दारं बंद झालेली मी जास्त पाहिली आहेत. हे सगळं तीन फ्लास्कवर टांगून ठेवणं तुला विचित्र वाटेल, पण दीड वर्ष तुझं आयुष्य त्या एका पायरीवरच टांगलेलं आहे. निदान ती मोजून तरी घे.

बरोबरीच्या दोघांचे पेपर आले, त्यावर माझ्याकडे फारसं काही नाही. त्यांच्या पायऱ्या वेगळ्या होत्या. वाईट वाटणं साहजिक आहे, दोन दिवस वाटू दे. स्थळाचं ते स्थळाच्या जागी. आत्याला सांग, सोळा महिन्यांनी बोलू. तारीख दिली की नातेवाईक जरा गप्प बसतात.

आणि वडील. तू त्यांचा प्रश्न टोमणा म्हणून वाचला आहेस. मला तो तसा ऐकू येत नाही. पोरगी काय करते हे पारावर सांगता यावं एवढंच त्या माणसाला हवं असेल. तू त्यांना रेणू समजावत बसू नकोस. त्यांच्याकडे तुझ्या विषयाचं ज्ञान आहेच. मृग बहार धरायचा की हस्त, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांवर पीक घ्यायचं की शेवटच्या, हे ते दर वर्षी ठरवतात, आणि ठरवताना पावसातली ओल आणि तेल्या हा डाळिंबावरचा रोग यांचाच विचार करतात. मृगाच्या बहारात फळं पावसात सापडतात आणि तेल्या बाग धुऊन नेतो, म्हणून कितीतरी बागाईतदार हस्त बहाराकडे वळले. दमट हवा काय करते हे तुझ्या वडिलांनी बागा गमावून शिकलेलं असणार. त्यांना सांग, माझ्या रिअ‍ॅक्शनलाही जुलैत तेल्या येतो.

गणपतीला घरी जाशील तेव्हा लॅबमधल्या डेसिकेटरची (पदार्थ कोरडे ठेवायच्या भांड्यातली) ओल शोषणारी निळी सिलिका चमचाभर बाटलीत घेऊन जा, सरांना विचारून, आणि पोराबाळांच्या हाती लागणार नाही अशी ठेव. रात्री बाटलीचं झाकण काढून पडवीत ठेवायची. सकाळपर्यंत तिचा निळा रंग उडून गुलाबी झालेला असेल. वडिलांना ती दाखव, चहा होईपर्यंत बघू दे. मग त्यांना विचार, की यंदा तेल्या येणार हे पानावर डाग दिसायच्या आधी त्यांना कशावरून कळतं. ते जे सांगतील ते वहीत लिहून घे, तारखेसकट.